गळकी होडी आणि गोड रक्त

बासुंदी आटत आली की तिचा रंग बदलतो, हे दिवाळीच्या दिवसांत स्वयंपाकघरात डोकावणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. दूध घातले तेव्हा पांढरेशुभ्र होते. केशर अजून डबीतच आहे, साखरही अजून पडलेली नाही. आणि तरी पातेल्यात पाहावे तो फिकट बदामी रंग उतरलेला! हा रंग दुधाच्याच पोटातला. दुधात मुळात जी साखर असते, ती दुधातल्या प्रथिनांना मंद आचेवर जाऊन चिकटते आणि त्या लग्नातून हा रंग व तो खमंग वास जन्माला येतो. लुई कामिय मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली साखर आणि प्रथिनांचे घटक यांच्यातील ही क्रिया प्रथम नीट वर्णन करून सांगितली, म्हणून तिला मायार-क्रिया म्हणतात. पाव भाजताना, अनारसा तळताना हीच क्रिया चालू असते. आमच्या आज्या-पणज्यांना मायारसाहेबांचे नाव ठाऊक नव्हते एवढेच.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, ही क्रिया केवळ चुलीवरच होते असे नाही. आपल्या शरीराची ऊब सदतीस अंशांची. या उबेवर ती फार सावकाश होते, पण होते खरी. रक्तात साखर आहे, रक्तात प्रथिनेही आहेत. दोघांची गाठ रात्रंदिवस पडते आहे. निरोगी माणसात हे चिकटणे थोडके असते. मधुमेही माणसाच्या रक्तात साखर अधिक, म्हणून चिकटणेही अधिक. रक्ताची बासुंदी होते असे म्हणणे जरा अघोरी वाटेल, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते फारसे चूक नाही.

मधुमेह आता कोणाच्या घरी नाही? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर भरली, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी तेरा कोटींहून अधिक. ‘साखर वाढली आहे’ हे वाक्य पूर्वी डॉक्टर दार लावून घेऊन सांगत. आता ते लग्नाच्या पंगतीत जिलबी परतवताना सहज कानी पडते. या रोगाने डोळ्यांना, मूत्रपिंडांना आणि पायांना धोका असतो हेही सर्वांना माहीत झाले आहे. पण साखर वाढते रक्तात, आणि अंगठा काळा पडतो पायाचा, हे कसे? या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक मात्र असे आहे की, जे सहसा दवाखान्यात कोणी सांगत नाही, आणि जे मला स्वतःला फार मनोरंजक वाटते. ते उत्तर दडले आहे रक्तातल्या तांबड्या पेशीत, आणि तिच्या अंगातील एका इवल्याशा पंपात.

तांबडी पेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबलेली चकती. मेदूवडा मध्यभागी आरपार भोक न पाडता नुसता दाबून ठेवला तर जसा दिसेल, तसा तिचा घाट. रुंदी मिलीमीटरच्या हजाराव्या भागाने मोजली तर सात-आठ भाग. एका घनमिलीमीटर रक्तात अशा पन्नास लाखांच्या आसपास पेशी मावतात! पेशी जन्मते हाडांतल्या मगजात, आणि रक्तात उतरण्यापूर्वी आपले केंद्रक टाकून देते. जवळ ठेवते ते फक्त प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन आणि जेमतेम गुजराण होईल इतका शिधा. सुमारे एकशेवीस दिवस ती अखंड फेऱ्या मारते, मिनिटाला साधारण एक. आणि या फेऱ्यांत तिला वारंवार आपल्याहून अरुंद अशा केशवाहिन्यांतून वाट काढावी लागते. प्लीहेतल्या, म्हणजे आपल्या पाणथरीतल्या, फटी तर याहूनही चिंचोळ्या. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यातून दरवाजापर्यंत पोचणाऱ्या माणसाने अंग कसे चोरावे हे या पेशीकडून शिकावे.

हा लवचिकपणा म्हणजे तिचे सारे वैभव. सूक्ष्मदर्शकाचा आद्य उपासक, हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहुक, याने १६७४ च्या सुमारास आपल्या हाताने घासलेल्या भिंगांतून रक्तातील हे तांबडे गोळे न्याहाळले. निरोगी शरीरात ते मऊ आणि वाकणारे असले पाहिजेत, नाहीतर बारीक वाहिन्यांतून जाणार कसे, असे त्याने लिहून ठेवले आहे. स्वतः आजारी असताना आपल्या रक्तातील गोळे कठीण दिसले आणि प्रकृती सुधारली तसे ते नरमले, असेही त्याने नोंदले. कापडाचा पोत बोटांनी पारखणाऱ्या माणसाची ही नजर! साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या भिंगावर किती विसंबावे हा प्रश्न निराळा. पण प्रश्न त्याने अचूक विचारला होता.

आता या गोष्टीत कॅल्शियमचा प्रवेश होतो. कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे, दात आणि दुधाचा पेला आठवतो. पण ते निव्वळ चुना नव्हे, हे जगाला कळले ते एका नोकराच्या आळसामुळे, असे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलातील सिडनी रिंगर हे डॉक्टर १८८२-८३ च्या सुमारास बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते किती वेळ धडधडते याचे प्रयोग करीत होते. हृदय छान धडधडत राही. पुढे चौकशीअंती कळले की, मदतनीस ऊर्ध्वपातित पाणी वापरण्याऐवजी सरळ नळाचे पाणी भरून आणीत असे! शुद्ध पाण्याचा द्रव केल्यावर हृदयाची धडधड लवकरच मंदावली आणि थांबली. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते, आणि त्यावाचून हृदयाचे चालत नव्हते. आजही दवाखान्यात शिरेतून चढवतात त्या द्रवाच्या बाटलीवर रिंगर हे नाव दिसते, ते याच गृहस्थांचे.

म्हणजे कॅल्शियम हा शरीरातील निरोप्या आहे. स्नायू आवळायचा, ग्रंथीतून रस सोडायचा, तर कॅल्शियम पेशीत शिरते आणि हुकूम पोचवते. निरोप्याचा उपयोग केव्हा? तो घरात ठाण मांडून बसलेला नसेल तेव्हा. म्हणून सगळ्याच पेशी आपल्या आतले मोकळे कॅल्शियम अतिशय कमी ठेवतात. तांबड्या पेशीत तर ते इतके कमी असते की, बाहेरच्या रक्तद्रवातील मोकळे कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजारांहून अधिक पट भरते. आत काय आहे हे मोजणे हेच मुळी महाकठीण काम होते. १९८२ साली वर्जिलिओ ल्यू आणि रॉजर त्सिएन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पेशीच्या आतच कॅल्शियम पकडणारे एक रसायन अडकवून हा आकडा काढला. त्सिएन यांना पुढे २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते दुसऱ्याच कामाबद्दल.

बाहेर दहा हजार पट आणि आत एक पट. मध्ये भिंत कसली, तर तेलकट पापुद्र्याची! साहजिकच कॅल्शियम आत झिरपत राहते. भर समुद्रात जुनी होडी घेऊन निघालेल्या कोळ्याचे चित्र डोळ्यांसमोर आणा. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येतच राहणार. होडी तरते ती पाणी येत नाही म्हणून नव्हे, तर एक माणूस डबा घेऊन अखंड उपसा करतो म्हणून. तांबड्या पेशीतील हा उपसा करणारा पंप १९६६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे हान्स युर्ग शाट्‌समान यांनी दाखवून दिला. त्यांनी तांबड्या पेशींच्या आत कॅल्शियम आणि एटीपी हे ऊर्जाद्रव्य भरले. पाहतात तो, बाहेर कॅल्शियम अधिक असतानाही आतले कॅल्शियम बाहेर फेकले जात होते. चढणीवर पाणी वाहावे तसे हे. अर्थात फुकट नव्हे: कॅल्शियमचा एकेक कण बाहेर काढण्यासाठी एटीपीचा एकेक रेणू खर्ची पडतो. पुढे १९७७ मध्ये कळले की, या पंपावर एक मुकादमही आहे. कॅल्मोड्युलिन हे त्याचे नाव. आत कॅल्शियम वाढू लागले की हा मुकादम त्याच कॅल्शियमला हाताशी धरून पंपाशी जातो, आणि पंप दुप्पट जोमाने कामाला लागतो.

उपसा कमी पडला तर? याचे उत्तर पंपाचा शोध लागण्यापूर्वीच, १९५८ साली, बुडापेस्टच्या ग्यॉर्गी गार्डोश यांनी अर्धे देऊन ठेवले होते. पेशीत कॅल्शियम वाढले की तिच्या कातडीतील पोटॅशियमचे दरवाजे उघडतात. पोटॅशियम बाहेर पळते, त्याच्या पाठोपाठ पाणीही निघते, आणि पेशी आक्रसते. उन्हात ठेवलेल्या द्राक्षाचा बेदाणा व्हावा तसे. आतले हिमोग्लोबिन दाट होते, पेशी ताठरते, अरुंद वाटेत अडते. कॅल्शियम फारच चढले तर आणखी एक अनर्थ होतो: पेशीच्या पापुद्र्याच्या आतल्या अंगाला असणारे फॉस्फॅटिडिल सेरीन नावाचे एक स्निग्ध द्रव्य उलटून बाहेर येते. शरीराच्या दृष्टीने ही ‘मला घेऊन जा’ अशी पाटीच. ती दिसताच भक्षक पेशी तिचा फडशा पाडतात. शिवाय हे द्रव्य बाहेर आले की पेशी चिकट होते, आणि रक्त गोठण्याच्या क्रियेलाही हातभार लागतो.

आणि गंमत अशी की, पेशी जेव्हा अरुंद वाटेतून अंग चोरून जात असते नेमके तेव्हाच कॅल्शियम आत शिरण्याचा संभव अधिक. तिच्या कातडीत दाब पडला की उघडणारी दारे आहेत. दाब ओळखणाऱ्या या दारांचा, पिएझो त्यांचे नाव, शोध २०१० साली अमेरिकेत आर्डेम पातापुत्यान यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. म्हणजे होडी खडकाला घासली की फळी थोडी सरकते, पाणी आत येते. पुढे मोकळ्या पाण्यात गेल्यावर ते उपसून टाकायचे आणि पुढच्या खडकाला तोंड द्यायचे. असा हा दिवसाकाठी हजारो वेळचा उद्योग.

आता मधुमेह्याच्या रक्तात चला. इन्शुलिन ही साखरेला पेशीत शिरू देणारी किल्ली आहे, असे आपण नेहमी वाचतो. स्नायूंना आणि चरबीला हे लागू आहे. तांबड्या पेशीच्या दाराला मात्र कुलूपच नाही! तिथे साखर इन्शुलिनची वाट न पाहता सरळ आत येते. त्यामुळे रक्तात जेवढी साखर, जवळजवळ तेवढीच पेशीच्या आत. स्नायू साखरेसाठी दाराबाहेर उपाशी उभे आहेत आणि ही बिचारी साखरेत बुडते आहे. आधी तिने आपले केंद्रक फेकून दिलेले, त्यामुळे नवी प्रथिने घडवण्याची सोय नाही. जुना पंप बिघडला तर नवा मागवता येत नाही.

साखर त्या पंपाला जाऊन चिकटते का? १९९० साली आर्जेंटिनातील संशोधकांनी याचा पडताळा घेतला. निरोगी माणसांच्या तांबड्या पेशी साखरेच्या द्रावणात मुरवल्या, तेव्हा पंपाचे काम मंदावले. मधुमेह्यांच्या रक्तातून काढलेल्या पापुद्र्यांवरही तीच मंदी दिसून आली. जिथे साखर चिकटते तो प्रथिनाचा घटक लायसिन. बासुंदीच्या पातेल्यात दुधाच्या प्रथिनाचा हाच घटक साखरेच्या हाती सापडतो. याखेरीज आणखी एक वाट आहे. साखर फार झाली की पेशीतील एक विकर तिचे सॉर्बिटॉल नावाच्या दुसऱ्या पदार्थात रूपांतर करू लागते. या उपद्व्यापात, पेशीला गंजण्यापासून वाचवणारी जी शिबंदी असते ती खर्ची पडते. प्राणवायू वाहणाऱ्या पेशीला गंजण्याचे भय सदाचेच. आणि हा कॅल्शियमचा पंप गंजाला विशेष हळवा.

येथे जरा थांबले पाहिजे, कारण शास्त्रीय लेखांत वाचकाला एका दमात कड्यावर नेण्याची खोड असते. पंप मंदावला म्हणजे होडी बुडालीच असे नव्हे. निसर्गाने या पंपात सामर्थ्याचा साठा मोठा ठेवला आहे; रोजच्या गळतीच्या शेकडो पट उपसा तो गरज पडल्यास करू शकतो. निरोगी माणसातही पेशी म्हातारी होत जाते तसा तो थकतो, आणि तरी ती आपले आयुष्य पुरे करतेच. शिवाय निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्षही तंतोतंत जुळत नाहीत. कोणाला मधुमेह्यांच्या पेशींत कॅल्शियम स्पष्ट वाढलेले आढळले, कोणाला फरक जाणवला नाही. तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणे एवढेच म्हणणे रास्त की, मधुमेहात तांबड्या पेशीचे म्हातारपण लवकर येते, आणि थकलेला पंप हे त्या म्हातारपणाचे एक लक्षण आहे. सगळा दोष त्याच्या माथी मारू नये.

परंतु परिणाम मात्र डोळ्यांनी दिसतात. मधुमेह्यांच्या तांबड्या पेशी कमी वाकतात, हे १९७० नंतरच्या दशकात अनेकांनी मोजून दाखवले. १९८१ साली फ्रान्समधील वोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला अधिक चिकटतात असे दाखवले, आणि ज्यांच्या वाहिन्यांचे विकार अधिक त्यांच्या पेशी अधिक चिकट, असा मेळही त्यांना आढळला. ताठर आणि चिकट अशा पेशींची रांग डोळ्याच्या पडद्यामागील केसाहून बारीक वाहिन्यांतून जाते आहे अशी कल्पना करा. मूत्रपिंडातील जाळीतून जाते आहे. पायाच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरते आहे. वाहिन्यांच्या भिंती आधीच साखरेने जाड झालेल्या. एखाद्या रस्त्यावर खड्डेही असावेत आणि गाड्याही मोडक्याच याव्यात, तसा हा प्रकार.

या निराशाजनक कथेत एक दिलासा मात्र पेशीच्या अल्पायुष्यातच आहे. साखर चिकटलेला पंप दुरुस्त होत नाही, पण तो वाहणारी पेशीच चार महिन्यांत निकालात निघते. दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी रक्तात उतरत असतात. आज साखर ताब्यात आली तर उद्या जन्मणारी पेशी स्वच्छ रक्तात उतरेल आणि चार महिन्यांत सारी फौज नवी होईल. डोळ्याच्या भिंगातील प्रथिनांचे तसे नाही. ती जन्मभर तीच. त्यांना चिकटलेली साखर जाता जात नाही.

याच अल्पायुष्याचा फायदा वैद्यकाने घेतला. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर हे डॉक्टर रुग्णांच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार शोधत होते. एका नमुन्यात त्यांना नेहमीपेक्षा निराळा पट्टा दिसला. रुग्ण मधुमेही होता. त्यांनी आणखी मधुमेही तपासले. प्रत्येकात तोच पट्टा! ते होते साखर चिकटलेले हिमोग्लोबिन. आज घरोघरच्या फायलीत ‘एचबीएवनसी’ या नावाने जो आकडा असतो तो हाच: शंभर भाग हिमोग्लोबिनपैकी किती भागांना साखर चिकटली. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ आणि वर मधुमेह, मधला टापू सावधगिरीचा.

पण हा आकडा पेशीच्या वयावर बेतलेला आहे, ही गोष्ट घरातल्या स्त्रियांच्या बाबतीत विसरता कामा नये. शरीरात लोह कमी असले की नव्या पेशी कमी निघतात, जुन्याच फिरत राहतात, आणि जुनीला साखर चिकटायला अवधी अधिक मिळतो. परिणामी साखर बेताची असूनही आकडा वर चढतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ रक्तक्षयी आढळल्या; तेव्हा ही काही क्वचितची गोष्ट नव्हे. सर्वांना वाढून उरेल ते खाणाऱ्या गृहिणीचा आकडा ६.५ आला, तर गोळ्या सुरू करण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन किती आहे हे पाहायला हवे आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखरही तपासायला हवी. उलट रक्तस्राव झालेला असेल, किंवा पेशी अकाली फुटत असतील, तर हाच आकडा फसवा कमी येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल विकारात हे विशेष ध्यानात ठेवावे लागते. त्या विकारात तर कॅल्शियमची गळती आणि गार्डोश यांनी सांगितलेले आक्रसणे ही दोन्ही फारच तीव्र असतात. पेशी फार थोडे दिवस जगतात, आणि साखर चिकटायला सवडच मिळत नाही.

एक शंका हमखास निघते. पेशीत कॅल्शियम साठणे वाईट, तर मग आजीच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि रात्रीचे दूध बंद करावे काय? मुळीच नाही. रक्तद्रवातील कॅल्शियम आपण काय खातो यावर रोज खालीवर होत नाही. मानेतल्या चार चिमुकल्या ग्रंथी आणि ‘ड’ जीवनसत्त्व मिळून ते शंभर मिलिलिटरला नऊ ते साडेदहा मिलिग्रॅमच्या आसपास राखून ठेवतात. खाण्यात कमी पडले तर ते हाडांतून काढले जाते. दूध बंद केल्याने तांबड्या पेशीतला पंप सुधारणार नाही, हाडे मात्र ठिसूळ होतील. तसेच पंप जोरात चालावा म्हणून कोणी काही चूर्ण वा गोळी विकू लागला तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. मधुमेह्याच्या पंपासाठी असे औषध अजून कोणत्याही डॉक्टरच्या यादीत नाही. रक्तातली साखर हीच काय ती आपल्या हाती असलेली कळ.

एचबीएवनसीसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. सकाळी चिवडा-लाडू खाऊन गेले तरी चालते. लक्ष्मीपूजनाच्या एका करंजीचा तिथे मागमूसही लागत नाही. मात्र तपासणीच्या आधी आठवडाभर कडक पथ्य करून डॉक्टरांना खूश करण्याचा जो प्रघात घरोघरी आहे, तोही तिथे फारसा चालत नाही. आकड्याचा जवळजवळ अर्धा भाग गेल्या महिनाभराच्या साखरेचा असतो, आणि उरलेला त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांचा. दिवाळीनंतर चार-सहा आठवड्यांनी, मार्गशीर्षात, प्रयोगशाळेत हात पुढे केला, तर नळीत जे तांबडे थेंब उतरतील त्यांत गणपतीच्या मोदकांपासून भाऊबिजेच्या ताटापर्यंतचा सगळा जमाखर्च मांडलेला सापडेल.